तांबड्या भाजीतलं हिरवं: प्रकाशसंश्लेषणाचे शब्द कसे शिकवाल?

नमस्कार. हा व्हिडिओ गोव्यात सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे, आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांसाठीही.

प्रकाशसंश्लेषणाचे, म्हणजे झाड उजेडात स्वतःचं अन्न कसं तयार करतं त्याचे, शब्द आधी फळ्यावर लिहू नका. आधी वस्तू हातात द्या, मग नाव सांगा. आपल्याकडे मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल पाचवीपासून बहुधा इंग्रजीतून शिकू लागतं. म्हणून 'हरितद्रव्य' आणि 'क्लोरोफिल' ही, पानाला अन्न तयार करायला लागणाऱ्या हिरव्या रंगाची, दोन्ही नावं त्याला एकाच वेळी, ती वस्तू समोर असताना मिळायला हवीत.

(तांबड्या भाजीची जुडी दाखवत) ही आपली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ. मुलांना विचारा, पान लाल आहे, मग ते अन्न कसं तयार करतं? वाद होऊ द्या. उत्तर सांगायची घाई अजिबात नको. मग एक पान उकळत्या पाण्यात टाका. लाल रंग पाण्यात उतरतो आणि पान हिरवं दिसायला लागतं! लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळतं, हरितद्रव्य विरघळत नाही. ते पानात होतंच, फक्त लालाआड झाकलेलं. रंगद्रव्य म्हणजे पिगमेंट, हे आता वेगळं समजवावं लागत नाही.

पर्णरंध्रं, म्हणजे स्टोमाटा, पानावरची बारीक छिद्रं, सूक्ष्मदर्शकाखालीच दाखवा. बहुतेक झाडांत ती पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. पण तळीत तरंगणाऱ्या कमळाच्या पानाला ती वरच्या बाजूला असतात. का, ते मुलांनाच शोधू दे. हवा कुठे आहे हे लक्षात आलं की कार्बन डायऑक्साइड आत कुठून जातो तेही कळतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र 'अन्न' या शब्दाला द्या. खत म्हणजे झाडाचं अन्न, असं मुलं ठामपणे सांगतात. पण मातीतून पाणी आणि खनिजं मिळतात. अन्न म्हणजे ग्लुकोज, आणि ते पानातच तयार होतं. त्यातलं काही स्टार्च म्हणून साठतं. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूतून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही. हे 1941 साली ऑक्सिजनचा जड समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच पण जास्त वजनाचा अणू, वापरून दाखवलं गेलं.

स्टार्चसाठी आयोडीनची चाचणी करा. आधी पानाचा हिरवा रंग स्पिरिटमध्ये काढावा लागतो. स्पिरिट थेट आगीवर कधीच ठेवू नका. त्याची परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, आणि हे काम शिक्षकांनीच करा. मग आयोडीनचे थेंब मुलांना टाकू द्या. पान निळं-काळं झालं, की 'स्टार्च' हा शब्द त्यांच्याकडूनच येऊ दे.