हद्दीपलीकडचा बंब

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. धुराने भरलेली व्यापारी पेठ, घोडे जोडलेले वाफेचे बंब.]

रविवार, ७ फेब्रुवारी १९०४. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. सकाळी अकराच्या सुमाराला जॉन हर्स्ट अँड कंपनीच्या इमारतीतून आगीची वर्दी येते. सुट्टीचा दिवस, पेठ बंद. बंब पोचतात न पोचतात तोच आत स्फोट होतो आणि आग रस्ता ओलांडून समोरच्या इमारतींना धरते. थोड्याच वेळात अग्निशमन दलाचे प्रमुख जॉर्ज हॉर्टन तुटून पडलेल्या विजेच्या तारेने जखमी होतात. दलाचा म्होरक्याच बाजूला पडतो.

शहराने शेजाऱ्यांना तारा केल्या. वॉशिंग्टनने बंब आणि घोडे रेल्वेच्या वाघिणींवर चढवले आणि त्याच दुपारी बाल्टिमोर गाठलं. फिलाडेल्फियाहून माणसं आली, विल्मिंग्टनहून आली, पुढे न्यूयॉर्कहूनही आली. नाही कुणीच म्हटलं नाही. एका दलाने असं दुसऱ्याच्या हद्दीत धावून जायचं, याला परस्पर साहाय्य म्हणतात.

मग बाहेरगावचे जवान बाल्टिमोरच्या हायड्रंटपाशी, म्हणजे बंबांना पाणी देणाऱ्या रस्त्याकडेच्या नळापाशी बसले, नळीचं पितळी कपलिंग, म्हणजे जोडायचं टोक, हायड्रंटच्या तोंडावर ठेवलं, फिरवलं. आटे बसेनात.

[दृश्य : पितळी कपलिंग अगदी जवळून. आतले आटे, त्यावर फिरणारा अंगठा.]

हे आटे नीट पाहून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट यांच्याभोवतीच फिरते. कपलिंगच्या तोंडाचा व्यास किती आणि एका इंचात आटे किती, या दोन आकड्यांवर जोडणी ठरते. यातला एक जरी आकडा थोडासा हलला, तर नळी आणि हायड्रंट एकमेकांसमोर निरुपयोगी. तेव्हा प्रत्येक शहर आपापल्या पुरवठादाराकडून आपापल्या मापाचं सामान घ्यायचं. नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने देशभरातली कपलिंगं तपासली, तर सहाशेहून जास्त वेगवेगळी मापं निघाली!

बाल्टिमोर तीस तासांहून अधिक काळ जळत राहिलं. सुमारे सत्तर ब्लॉक (चार रस्त्यांमधले इमारतींचे गट) आणि दीड हजारांहून जास्त इमारती गेल्या. सगळा दोष आट्यांवर ढकलणं सोयीचं आहे, पण ते खरं नव्हे. वारा जोराचा होता, इमारती दाटीवाटीने उभ्या होत्या आणि आगीने पहिल्या तासातच दलाला मागे टाकलं होतं. पण इतकं नक्की, की मदतीला आलेल्या काही बंबांपाशी माणसं होती, वाफ होती, समोर हायड्रंटही होता आणि तरी पाणी मिळत नव्हतं.

चिडायचं ते याच्यावर की हे आधीपासून माहीत होतं. नोव्हेंबर १८७२ मध्ये बोस्टनला अशीच मोठी आग लागली. त्या वेळी घोड्यांमध्ये साथ पसरली होती, त्यामुळे बंब माणसांनी ओढत नेले. मदतीला आलेल्यांची कपलिंगं तिथेही जुळली नव्हती. त्या आगीनंतर अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांनी आपली संघटना काढली आणि देशभर एकच आटे असावेत ही चर्चा तेव्हापासून सुरू झाली. संघटनेची पहिली सभा १८७३ मध्ये भरली, ती कुठे? बाल्टिमोरमध्ये.

१९०५ मध्ये अडीच इंची नळीसाठी राष्ट्रीय मानक ठरलं : इंचाला साडेसात आटे. इथे गोष्ट संपायला हवी होती.

[दृश्य : कोरड्या टेकड्या, उतारावरची घरं, वळणांचे अरुंद रस्ते.]

२० ऑक्टोबर १९९१. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्या. सोसाट्याचा कोरडा वारा, आणि आदल्या दिवशी विझवलेल्या गवताच्या आगीने पुन्हा घेतलेला पेट. पंचवीस माणसं गेली, सुमारे तीन हजार घरं जळाली. शेजारपाजारच्या दलांचे बंब रांगेने आले. त्यांच्या नळ्या अडीच इंची आणि ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं तीन इंची. मध्ये घालायचे अडॅप्टर पुरेसे नाहीत. वायरलेसवर एवढी गर्दी की बोलायला जागा मिळेना, आणि वेगवेगळ्या दलांचे संच एका चॅनेलवर येईनात.

बाल्टिमोरनंतर ८७ वर्षांनी!

हा निष्काळजीपणाच असेल असं नाही. शहराच्या रोजच्या आगी शहराचंच दल विझवतं. नळ्या त्यांच्या, हायड्रंट त्यांचे, आटे छान बसतात. वेगळं माप असण्याचा तोटा वर्षानुवर्षं जाणवतच नाही. तो जाणवतो फक्त परका बंब दारात आल्यावर, म्हणजे आग आवाक्याबाहेर गेलेली असते तेव्हाच. मग हजारो हायड्रंटची तोंडं बदलण्याचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात बसवायचा? बाल्टिमोरच्या आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, २००४ मध्ये, त्याच मानक संस्थेने देशातल्या ४८ मोठ्या शहरांची पाहणी केली. राष्ट्रीय मानकाचे हायड्रंट असलेली शहरं निघाली १८.

[दृश्य : नियंत्रण कक्ष. हेडफोन लावलेली ऑपरेटर, पडद्यावर नकाशा.]

तेव्हा परस्पर साहाय्य म्हणजे निव्वळ शेजारधर्म, असं कुणी म्हणालं तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नका. शेजारधर्म १९०४ मध्येही भरपूर होता. खरं काम आहे ते आग नसताना, टेबलावर बसून करायचं, कंटाळवाणं काम. त्याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे एक कार्ड.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १९६० च्या दशकात शिकागोच्या आसपासच्या उपनगरांनी एक पद्धत बसवली, मॅबस नावाची. प्रत्येक भागासाठी आधीच भरून ठेवलेलं एक कार्ड. आडव्या ओळी आगीच्या पातळीच्या : पहिली वर्दी, दुसरी, तिसरी, अशा चढत जाणाऱ्या. उभे रकाने बंबांचे, शिडीच्या गाड्यांचे, रुग्णवाहिकांचे, अधिकाऱ्यांचे. प्रत्येक चौकटीत कोणत्या गावाची गाडी यायची ते लिहिलेलं. घटनास्थळावरचा अधिकारी फक्त पातळी वाढवायला सांगतो. ऑपरेटरला कुणाला विचारायचं नसतं, कुणाची मनधरणी करायची नसते. ती फक्त कार्डावरची ओळ वाचते आणि गाड्या निघतात. सगळ्यांचा करारनामा एकच, वायरलेसचा ठरलेला चॅनेलही एकच.

कार्ड भरतानाचं शहाणपण वेगळंच. एकाच शेजाऱ्याकडून चार गाड्या घेत नाहीत, चार शेजाऱ्यांकडून एकेक घेतात. नाहीतर एका गावाची आग विझवताना दुसरं गाव उघडं पडायचं. आणि कार्डावर एक रकाना असा आहे की ज्यातल्या गाड्या आगीकडे जातच नाहीत. त्या जातात रिकाम्या झालेल्या केंद्रात.

[दृश्य : अनोळखी केंद्राच्या आवारात शिरणारा बंब. भिंतीवरचा नकाशा पाहणारे दोन जवान.]

या रकान्यावर कुणी बातमी करत नाही, म्हणून इथे जरा थांबू या. तिकडे मोठी आग चालू आहे, त्या भागाचे सगळे बंब तिथे अडकलेत. पण म्हणून बाकीच्या वस्तीत कुणाचं स्वयंपाकघर पेटायचं थांबत नाही, अपघात थांबत नाहीत. म्हणून दूरच्या गावचा बंब येऊन त्या केंद्रात उभा राहतो. रस्ते परके, हायड्रंट कुठे ते माहीत नाही, कोणत्या पुलाखालून उंच गाडी जात नाही ते माहीत नाही. नीट चालवलेल्या केंद्रात अशा पाहुण्यांसाठी नकाशे काढून ठेवतात, शक्य असेल तर वाट दाखवायला स्थानिक जवान सोबत देतात. कितीदा तरी हे पाहुणे रात्रभर बसून राहतात आणि काहीच न करता परत जातात. आग पाहायला मिळाली नाही म्हणून तरुण जवान कुरकुरतात. पण हे बसून राहणं हीच त्या रात्रीची त्यांची कामगिरी.

परस्पर साहाय्यात दोन प्रकार आहेत. एकात मदत मागावी लागते : अधिकारी पोचतो, पाहतो, मग कळवतो. दुसऱ्यात मागायचीच नसते. पहिल्याच वर्दीला, हद्द कुणाचीही असो, जवळचा बंब निघतो. अमेरिकेत फिनिक्स आणि भोवतालच्या शहरांनी १९७० च्या दशकात हे सुरू केलं. घर पेटलेल्या माणसाला गाडीच्या दारावर कोणत्या गावाचं नाव लिहिलंय याच्याशी काय देणंघेणं? माझ्या मते दुसरा प्रकार सरळच चांगला. पण त्यासाठी नियंत्रण कक्ष एक हवा, प्रशिक्षण एक हवं, आणि आपल्या हद्दीत दुसऱ्याची गाडी आधी पोचली तर अधिकाऱ्यांना राग येता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात अवघड.

[दृश्य : ग्रामीण रस्ता. घडीच्या हौदात पाणी सोडणारा टँकर, मागे थांबलेला दुसरा.]

शहराबाहेर, जिथे हायड्रंटच नाहीत, तिथे शेजाऱ्यांशिवाय भागतच नाही. हिशेब करून पाहू. आगीवर मिनिटाला १,००० लिटर पाणी मारायचं आहे. ८,००० लिटरचा टँकर आठ मिनिटांत संपला. तो रिकामा होऊन, तळ्यावर भरून, पुन्हा रांगेत लागायला ३२ मिनिटं लागत असतील, तर धार न तुटण्यासाठी चार टँकर सतत फिरते हवेत. एका लहान गावाच्या दलाकडे चार टँकर कुठून असणार? म्हणून चार गावांचे येतात. बंबाशेजारी ताडपत्रीचा घडीचा हौद उघडतात, टँकर त्यात पाणी ओतून लगेच निघतो. आणि इथेही शेवटी प्रश्न तोच : तळ्यावरच्या पंपाची नळी चारही टँकरांना बसते का? हे सरावात पाहिलेलं बरं.

[दृश्य : मोठ्या वणव्याजवळचा तळ. वेगवेगळ्या रंगांच्या गाड्या, गाडीच्या बॉनेटवर नकाशा.]

आटे जुळले, तरी माणसं जुळायची असतात. १९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटत राहिले. सोळा जणांचा जीव गेला. दलं डझनावारी आली, पण प्रत्येकाची हुकूम देण्याची पद्धत वेगळी, पदांची नावं वेगळी. त्या अनुभवातून फायरस्कोप हा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून घटनास्थळाच्या नेतृत्वाची एक सामायिक पद्धत निघाली. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन ते सात जण, शक्यतो पाचच. प्रत्येकाचा वरिष्ठ एकच. आणि बोलणं साध्या शब्दांत, आपापल्या सांकेतिक आकड्यांत नाही. याचं कारण व्यवहारातलं आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात टँकर म्हटलं की पाण्याचा ट्रक येतो, पश्चिमेकडे टँकर म्हणजे पाणी टाकणारं विमान. भर वणव्यात भलतीच मागणी नोंदवली गेली तर सांगायचं कुणाला?

ब्रिटनने याच दुखण्यावर वेगळं औषध घेतलं. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे सोळाशेच्या वर दलं होती, पदं निराळी, सामान निराळं. बॉम्बवर्षावात एका शहराचं दल दुसऱ्याच्या मदतीला गेलं की गोंधळ. ऑगस्ट १९४१ मध्ये सरकारने सगळी दलं एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवाच केली. युद्धानंतर ती पुन्हा स्थानिक झाली, पण शेजाऱ्याला कुमक देण्याच्या योजना कायद्यात राहिल्या. २००४ च्या कायद्यातही त्या आहेत.

जर्मनी आणि आसपासच्या अनेक देशांत आट्यांचा प्रश्नच काढून टाकलाय. तिथल्या स्टॉर्झ कपलिंगला आटे नसतात, नर-मादी भेद नसतो. एकाच मापाची कोणतीही दोन टोकं समोरासमोर धरा, पीळ द्या, झालं काम. अंधारात, हातमोजे घालून, कोणतं टोक कुठलं हे न पाहता.

[दृश्य : स्वीडनमधला महामार्ग. पोलंडच्या लाल गाड्यांचा लांबलचक ताफा, कडेला झेंडे हलवणारे लोक.]

जुलै २०१८. स्वीडनच्या जंगलांत वणवे पेटले आणि पोलंडहून १३९ जवान ४४ वाहनं घेऊन समुद्रापलीकडे पोचले. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत उभे होते. हे दृश्य जगभर दाखवलं गेलं. दाखवलं गेलं नाही ते हे की युरोपीय संघाच्या नागरी संरक्षण व्यवस्थेत अशा तुकड्यांची आधीच नोंद असते आणि यजमानावर भार पडू नये म्हणून राहण्या-जेवण्याची सोय त्या स्वतः घेऊन येतात.

[दृश्य : कार्यालयातलं टेबल, कागदपत्रं. गाडीच्या दारावर चिकटवलेल्या नावांच्या पट्ट्या.]

आता पैसा. बहुतेक करारांत थोड्या वेळच्या मदतीचं बिल लावत नाहीत. आज तुमचं, उद्या आमचं. काम लांबलं की ठरलेल्या तासांनंतर खर्च मिळतो. जखमी जवानाची भरपाई सहसा त्याचं स्वतःचं दल देतं. आणि आपलीच हद्द उघडी पडत असेल, तर नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला असतो.

कुरबुरी होतात त्या इथेच. एखादं गाव वर्षानुवर्षं बंब घेत नाही, माणसं भरत नाही, आणि दर दुसऱ्या आगीला शेजाऱ्याला बोलावतं. शेजारच्या गावचे करदाते विचारणारच, की आमच्या पैशावर यांचं दल किती दिवस चालायचं? यावर उत्तम उपाय म्हणजे दोघांनी वर्षाकाठी हिशेब समोर ठेवायचा : किती वेळा गेलो, किती वेळा आले. फारच एकतर्फी झालं, तर सरळ पैसे देऊन सेवा घ्यावी. त्याला परस्पर साहाय्य म्हणत राहण्यात अर्थ नाही.

न बोलावता येणारा बंब हीसुद्धा डोकेदुखी. वायरलेसवर मोठी आग ऐकली की हात शिवशिवतात हे समजण्यासारखं आहे. पण त्याची नोंद कुठेच नसते. इमारतीत कोण शिरलं, कोण बाहेर आलं, हे नावाच्या पट्ट्यांवरून मोजतात : आत जाताना पट्टी अधिकाऱ्याकडे, बाहेर आल्यावर परत. शेजारच्या दलाच्या पट्ट्या वेगळ्या पद्धतीच्या असल्या तर मोजणी चुकते. न बोलावलेल्याची तर पट्टीच नसते. छत खचू लागलं आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं, तर त्याला कुणी शोधायचं?

आग आटोक्यात आली की आधी शेजाऱ्यांना सोडतात, त्यातही लांबून आलेल्यांना आणि ज्यांच्या गावात राखीव गाडी नाही त्यांना प्रथम. यजमान दल निखारे उलथत मागे राहतं. मग ओल्या नळ्यांच्या ढिगातून प्रत्येकाच्या रंगखुणा पाहून नळ्या वेगळ्या करायच्या, हरवलेली कपलिंगं आणि अडॅप्टर लिहून घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या दलांच्या अधिकाऱ्यांना बोलावून कार्डावरच्या कोणत्या ओळी बदलायच्या ते ठरवायचं.