टास्कबारला रंग लागत नाही? आधी खोलीतला उजेड बघा

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबार आणि बाहेर पुण्या-सुरतेला नोकरीला गेलेले आपले सगळे खान्देशी, या बसा.

आजचा प्रश्न नेहमीचाच आहे, टास्कबारचा, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या त्या पट्टीचा. "काय भो, टास्कबारला रंग द्यायचं बटण फिकट दिसतं, दाबलं तरी दबत नाही." याचं उत्तर आधी देऊन टाकतो. घाई असेल त्यांनी तेवढं बघून निघा, राग नाही.

[स्क्रीनवर सेटिंग्ज]

विंडोजचं बटण आणि आय एकदम दाबा. सेटिंग्ज उघडली. त्यात पर्सनलायझेशन, त्यात कलर्स. वरच 'चूज युअर मोड' दिसेल आणि तुमच्याकडे तिथे 'लाइट' असणार. लाइट मोडमध्ये विंडोज स्टार्ट मेनूला आणि टास्कबारला रंग लावूच देत नाही. विंडोज दहा असो की अकरा, नियम तोच. बटण बिघडलेलं नाही, फॉरमॅट मारायची गरज नाही. लाइटच्या जागी 'कस्टम' निवडा. आता दोन वेगळे प्रश्न येतील: विंडोजचा मोड कोणता आणि अ‍ॅपचा मोड कोणता. विंडोजला डार्क द्या, अ‍ॅपला लाइट द्या. आता खाली या. 'शो अ‍ॅक्सेंट कलर ऑन स्टार्ट अँड टास्कबार'. दाबा. लागला रंग.

आणि हो, सगळं पानच फिकट असेल, वर विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा असं लिहिलेलं असेल, तर भानगड रंगाची नाही, लायसन्सची आहे. त्याचा जुगाड माझ्याकडे मागू नका.

[पुन्हा कॅमेऱ्यासमोर]

आता जे थांबलेत त्यांच्यासाठी मुद्द्याची गोष्ट. थीमचे रंग निवडताना आपण काय करतो? सुंदर काय दिसतं ते बघतो. यूट्यूबवर कुणाचा तरी काळाभोर डेस्कटॉप, त्यावर निऑन जांभळा, की आपल्यालाही तसाच पाहिजे. पण तो माणूस पडदे लावून, लाइट बंद करून बसलेला असतो. तुम्ही कुठे बसलाय?

आपल्याकडचं दुकान डोळ्यासमोर आणा. भुसावळला नाहीतर चोपड्याला, मे महिना, पारा ४४-४५ वर. शटर पूर्ण वर, गल्ला रस्त्याकडे तोंड करून, बाहेर पांढरंफटक ऊन. मॉनिटर अशा कोनात की अर्धा उजेड थेट काचेवर. अशा ठिकाणी डार्क मोड लावा आणि बघा. स्क्रीनवर बिल कमी आणि स्वतःचं तोंड जास्त दिसतं! काळी पार्श्वभूमी म्हणजे स्क्रीनमधून उजेड जवळजवळ येतच नाही, मग बाहेरून पडणारं प्रतिबिंबच वरचढ ठरतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तेच प्रतिबिंब धुऊन निघतं. म्हणून भर दुपारी, उघड्या दुकानात, सेतू केंद्रात, कॉलेजच्या मोठ्या खिडक्यांच्या लॅबमध्ये लाइट थीमच बरी. मॅट स्क्रीन असेल तर थोडी सवलत मिळते. चकचकीत काचेची असेल तर बिलकुल नाही.

रात्री उलटं. घरचे झोपलेत, खोलीत अंधार, तुम्ही परीक्षेचा फॉर्म भरताय आणि समोर पांढराशुभ्र चौकोन. तो डोळ्यात घुसणारच. तिथे डार्क मोड खरा कामाचा.

पण डार्क मोड सगळ्यांच्याच डोळ्यांना मानवतो असंही नाही. गडद पार्श्वभूमीवर डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना पांढरी अक्षरं पसरल्यासारखी, कडा फुटल्यासारखी दिसू शकतात. तुम्हाला तसं होत असेल तर हट्टाने डार्क वापरू नका. फॅशन आहे म्हणून डोळे ताणायचे?

दुसरा गैरसमज विजेचा. "डार्क मोडने लाइट बिल कमी येतं." मोबाइलची स्क्रीन ओलेड असेल तर बॅटरी वाचते, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. पण आपल्या टेबलावरचे बहुतेक मॉनिटर एलसीडी आहेत. त्यांच्यामागे बॅकलाइट जळतच असतो, समोर काळं दाखवा की पांढरं. तिथे वीज वाचवायची असेल तर मॉनिटरची ब्राइटनेस कमी करा. ती बटणं मॉनिटरच्या खाली नाहीतर मागे असतात, आणि विकत घेतल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला नसतो.

[स्क्रीनवर रंगांचा चौकोन]

आता अ‍ॅक्सेंट कलर. म्हणजे बटणं, निवडलेली ओळ, खिडकीची कड, इथे येणारा तो एक खास रंग. तो तुम्ही स्वतः निवडू शकता, नाहीतर ऑटोमॅटिक ठेवलं तर विंडोज वॉलपेपरमधून उचलतं. लोक सगळा वेळ इथेच घालवतात. मला विचाराल तर अ‍ॅक्सेंट म्हणजे भरितावरची कांद्याची पात. वांगंच नीट भाजलं नसेल तर पात काय करणार! खरं काम असतं अक्षर आणि त्याच्यामागचा रंग, या जोडीचं.

या जोडीला मोजायचं माप आहे. वेबसाइटसाठी जे सुलभतेचे नियम आहेत, त्यात साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलंय, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. शुद्ध काळं आणि शुद्ध पांढरं मिळून २१ ला १ होतं, त्यापुढे जागाच नाही. आता गंमत बघा. पांढऱ्यावर भडक लाल अक्षरं: ४ ला १. म्हणजे "उधारी बंद आहे" असं लाल रंगात ठळक लिहिल्याचं समाधान, पण बारीक अक्षरात ते काठावर नापास. काळ्यावर शुद्ध निळा: जेमतेम २.४. तोच निळा पांढऱ्यावर: ८.६, एकदम झकास. पांढऱ्यावर पिवळा? १.०७. म्हणजे लिहिलंय की नाही, हे तुम्हालाच माहीत!

ज्यांनी १९९५ सालचं विंडोज पाहिलंय त्यांना तो हिरवट-निळा डेस्कटॉप आठवत असेल. लाल ०, हिरवा १२८, निळा १२८ असा तो रंग. लोक त्याला हसतात, पण त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर प्रमाण ४.८ च्या आसपास येतं. पास! नंतरच्या काळातल्या कितीतरी पारदर्शक, धूसर, काचेसारख्या मेनूंना हे जमलेलं नाही. म्हणून सांगतो, कलर्सच्याच पानावर 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' आहे, ते बंद करा. मागचा वॉलपेपर मेनूतून डोकावायचा थांबतो, आणि जुन्या मशिनवरचा थोडा भारही उतरतो.

आपल्या रावेर-यावलच्या पोरांना केळीचा पिवळा लावायचा मोह होणार, ते मी धरूनच चाललोय. लावा की. फक्त टास्कबारवर विंडोज तुमचा रंग जसाच्या तसा न लावता थोडा गडद करून लावतं. पिवळा गडद केला की मातकट होतो, पिकून काळ्या पडलेल्या केळीसारखा. नारंगीचंही तसंच. निळा, हिरवा, जांभळा गडद झाले तरी शोभतात.

[स्क्रीनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी]

आता ज्यांचे आईवडील कॉम्प्युटर वापरतात त्यांनी इथे लक्ष द्या. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कॉन्ट्रास्ट थीम्स. विंडोज अकरामध्ये चार तयार थीम मिळतात: अ‍ॅक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाइट स्काय. डेझर्टची पार्श्वभूमी फिकी आहे, बाकीच्या गडद. कुठलीही निवडून 'एडिट' दाबा. इथे मजकूर, पार्श्वभूमी, लिंक, निवडलेला मजकूर, बटणावरची अक्षरं, बंद पडलेल्या बटणांची अक्षरं, अशा एकेका जागेचा रंग वेगळा देता येतो. विंडोज सातमध्ये खिडकीच्या प्रत्येक भागाला रंग द्यायची जुनी चौकट होती, ती विंडोज आठमध्ये काढली. तिच्या सगळ्यात जवळचं आज हेच उरलंय.

यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेल्या बाबांसाठी मी फिकट दुधाळ पार्श्वभूमी, जवळजवळ काळी अक्षरं आणि निवडलेल्या ओळीला गडद निळा देईन. निवडलेली ओळ हीच खरी महत्त्वाची. बँकेच्या साइटवर, रेल्वेच्या तिकिटात कुठे आहोत ते तिच्यावरूनच कळतं. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसंही आपल्या ओळखीत असतात, बाया कमी, पुरुष जास्त, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. तेव्हा "हिरवं म्हणजे जमा, लाल म्हणजे नावे" एवढ्यावर भागवू नका, शेजारी अधिक-उणे चिन्ह टाका.

एक इशारा. कॉन्ट्रास्ट थीम लावली की ब्राउझरमधल्या वेबसाइटसुद्धा तुमच्याच रंगात रंगतात आणि कुठे कुठे डिझाइन विस्कटतं. घाबरायचं नाही. डावीकडचा ऑल्ट, डावीकडची शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन, तिन्ही एकदम. थीम बंद. पुन्हा दाबलं की सुरू.

"पण भाऊ, मी सगळं केलं आणि माझ्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला काहीच फरक पडला नाही." पडणार नाही. खूप प्रोग्रॅम स्वतःचे रंग घेऊनच येतात. ऑफिसचंही वेगळं घर आहे: फाइल, मग अकाउंट, मग ऑफिस थीम. तिथे जाऊन वेगळं बदलावं लागतं.

लिनक्सवाल्यांनो, म्हणजे विंडोजऐवजी ती दुसरी सिस्टम वापरणाऱ्यांनो, विसरलो नाही तुम्हाला. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर जुन्या मशिनवर काय टाकू, असं विचारणाऱ्यांनी रंगांची हौस असेल तर लिनक्सवरचा केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप नक्की बघावा. तिथे सिस्टम सेटिंग्जमध्ये कलर्स उघडून एखादी स्कीम घ्या आणि पेन्सिलच्या चिन्हावर टिचकी मारा. खिडकी, बटण, निवड, टूलटिप, सगळ्याची अक्षरं आणि पार्श्वभूमी वेगवेगळी. विंडोज देत नाही तेवढी मोकळीक. गनोम, म्हणजे लिनक्सवरचाच दुसरा डेस्कटॉप, तो वापरणाऱ्यांना मात्र अ‍ॅक्सेंट रंग थेट आवृत्ती ४७ मध्ये, २०२४ साली मिळाला. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने स्वतःच्या हिमतीवर तो २२.०४ या आवृत्तीतच दिला होता.

[स्क्रीनवर थीम्स]

जमलेली थीम जपायची कशी? विंडोजमध्ये पर्सनलायझेशन, थीम्स, आणि 'सेव्ह'. नाव द्या. एक 'दुपार' नावाची, एक 'रात्र' नावाची, अशा दोन करून ठेवा, मग रोज सेटिंग्ज खोदत बसायला नको. एका टिचकीत बदल. त्याच थीमवर उजवी टिचकी मारून शेअरिंगसाठी सेव्ह केली तर वॉलपेपरसकट एकच फाइल बनते. ती पेन ड्राइव्हवर घ्या आणि लॅबच्या किंवा दुकानातल्या दुसऱ्या मशिनवर डबल क्लिक करा. फक्त तिथे गेल्यावर आधी बघा, त्या टेबलावर उजेड कुठून येतो. दरवाजा पाठीमागे असेल तर मॉनिटर थोडा फिरवा आणि मगच थीम लावा.