आधी ट्रंक उघडा

[दृश्य: मिरज. जुन्या घराच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरवली जाते.]

ही ट्रंक माझ्या आजोबांची. तीसेक वर्षं ती माळ्यावर होती. तिच्यावर जुनी गादी, गादीवर गणपतीचं मखर. आत ग्रामोफोनच्या तबकड्या आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण वाजवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ट्रंक उघडायचं कारणही उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी आत्यानं विषय काढला. आत्या आता ऐंशीच्या घरात. म्हणाली, "एकदा ते सगळं कॉम्प्युटरवर घेऊन ठेव. मी आहे तोवर कुठलं काय आहे ते सांगेन तरी."

मी लगेच कामाला लागलो. म्हणजे ऑनलाइन रेकॉर्ड प्लेयर मागवला. ट्रंक उघडली ती नंतर. हा क्रमच उलटा होता.

[दृश्य: सुटकेससारखा प्लेयर. झाकण उघडतं.]

दिसायला देखणा. झाकण लावलं की सुटकेस, आतच स्पीकर, मागं यूएसबी. वेगाच्या बटणावर तीन आकडे: ३३, ४५, ७८, म्हणजे तबकडीचे मिनिटाला इतके फेरे. म्हणजे सगळंच वाजणार, नाही का? हिराबाई बडोदेकरांची ७८ची तबकडी लावली. हिराबाई जन्मानं मिरजेच्याच, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून. गाणं शेजारच्या घरात चालल्यासारखं लांबून येत होतं आणि पुढ्यात नुसती खरखर. दोन्ही बाजू झाल्यावर सुई बघितली, तर टोकाला काळी भुकटी.

आत्या म्हणाली, "आमच्याकडं असं वाजत नव्हतं." मला वाटलं, जुन्या माणसांचं असतंच असं. पण तिचं खरं होतं.

[दृश्य: भिंगातून दिसणारी खाच. आधी एलपीची, मग ७८ची.]

तबकडीवर असते ती एकच सलग खाच, बाहेरून आत गुंडाळत जाणारी. गाणं असतं ते खाचेच्या दोन भिंतींवर. तळाशी असते धूळ. एलपीची, म्हणजे ३३च्या वेगाच्या मोठ्या तबकडीची खाच बारीक, तिच्यात बसणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ७८ची खाच चांगली रुंद. तिला टोक लागतं चौपट जाड, ७५ मायक्रॉनच्या आसपास. एलपीची सुई तिथं ठेवली की भिंतींना धड टेकतच नाही, तळाशी जाऊन पन्नास-साठ वर्षांचा केर उपसत बसते. तीच ती भुकटी आणि तीच ती खरखर.

साठ-सत्तरच्या दशकातल्या अनेक प्लेयरना सुईपाशी एक इवलीशी दांडी असायची. इकडं फिरवली की एलपीची सुई, तिकडं फिरवली की ७८ची. आत्याला ती दांडी नीट आठवत होती. माझ्या नव्या यंत्रात ७८चा वेग होता, ७८ची सुई नव्हती.

[दृश्य: चटईवर मांडलेल्या तबकड्या.]

मग ट्रंक खऱ्या अर्थानं उघडली. मोजदाद केली. एलपी २१. छोट्या ४५च्या ईपी ८. आणि ७८च्या तबकड्या ४४, त्यातली एक दुभंगलेली.

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच, थोडक्यात टेबल. ते कुठलं घ्यावं यावर सल्ला ढीगभर मिळतो. त्यातला बहुतेक सल्ला ज्यांच्याकडं फक्त एलपी आहेत त्यांच्यासाठी असतो. "३३ आणि ४५ पुरे, ७८ कोण वाजवतं आता?" असं त्यात सहज म्हटलेलं असतं. आपल्याकडं ते लागू पडत नाही. इथं ७८ची तबकडी फार उशिरापर्यंत निघत राहिली. बीटल्सची गाणीसुद्धा साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतात ७८वर निघत होती. मराठी घरातल्या ट्रंकेत नाट्यपदं, भावगीतं, ख्याल-ठुमरी सापडेल ती बरीचशी याच जड, ठिसूळ तबकड्यांवर.

म्हणून पहिली अट: ७८चा वेग हवा. या एका अटीनं निम्मं दुकान बाद होतं. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-६० हे नवशिक्यांना नेहमी सुचवलं जाणारं टेबल. त्यात ७८ नाही. रेगाचं प्लॅनर-१ गोड वाजतं, त्यातही नाही. डीजे लोकांचं लाडकं टेक्निक्सचं एसएल-१२०० मार्क-२, लोखंडासारखं दणकट, पण ३३ आणि ४५वर थांबतं.

दुसरी अट: सुई बदलता यावी. सुई बसते ती कार्ट्रिजमध्ये, तिच्या थरथरीची वीज करणाऱ्या लहानशा डबीत. सिरॅमिक कार्ट्रिजची खेळण्यातली यंत्रं तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतात आणि भार कमी-जास्त करायची सोय देत नाहीत. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट (आत हलतं चुंबक असलेल्या) कार्ट्रिजला एलपीसाठी दोनेक ग्रॅम पुरतात. मी शेवटी ऑडिओ-टेक्निकाचं एलपी-१२० घेतलं, यूएसबीवालं. तिन्ही वेग, डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याविना मोटारच थेट चकती फिरवते), सुईच्या दांड्यामागं भार कमी-जास्त करायला फिरवायचं वजन. कार्ट्रिज तेच ठेवून नुसती सुई ओढून काढायची आणि ७८ची जाड सुई ढकलून बसवायची. टेबलावर सगळे पैसे घालवून सुईला हात आखडता घेणाऱ्यांनी हे उलट करावं, असं माझं मत.

[दृश्य: आत्या बाजाच्या पेटीवर. शेजारी टेबल फिरतंय.]

तिसरी गोष्ट मला आत्यानं शिकवली. टेबल आलं, सुई बसली, अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची तबकडी लावली. ही १९३०च्या दशकातली. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथं मिरजेच्या दर्ग्यात आहे. ऐकता ऐकता आत्यानं पेटी पुढं ओढली, दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या. म्हणाली, "सूर कुठल्याच पट्टीत बसत नाहीये. दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळतोय."

७८ हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळात तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्याही पुढं, वाटेल त्या वेगानं कोरल्या जात. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वरानं सरकतो. म्हणजे ७८ची तबकडी साडेब्याऐंशीनं फिरवली, तर पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारा गवई थेट तिच्या पुढच्या पांढरीत गायला लागतो, आणि तान नको तितकी चपळ होते. म्हणून वेग थोडा कमी-जास्त करायची सरकपट्टी असलेलं टेबल घ्यावं. एलपी-१२०ला ती आहे. अर्थात पेटीचा पुरावाही शंभर टक्के धरता येत नाही. त्या काळच्या पेट्या तरी कुठं सगळ्या एका सुरात होत्या? पण तबकडीतलीच पेटी ऐकून अंदाज बांधता येतो. आत्या डोळे मिटून सांगत होती, "अजून जरा खाली. जरा. हं."

टेबलाचा स्वतःचा वेग तपासायला मात्र पेटी लागत नाही. कागदाच्या चकतीवर समान अंतरानं ७७ रेघा छापा, टेबलावर ठेवा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. दर आवर्तनात दोनदा, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. वेग ७८ असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. ३३साठी रेघा १८०. एलईडीखाली हा खेळ जमेलच असं नाही.

[दृश्य: जाड वायरीचा जुना ट्रान्सफॉर्मर.]

याच ५० हर्ट्झचा एक उपप्रश्न. न्यू जर्सीच्या चुलत भावानं फोनवर सांगितलं, "माझं जुनं टेबल घेऊन येतो, तुला कशाला नवीन?" तिकडं वीज ११०-१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ आपले ५०च राहतात. जुन्या टेबलांतल्या बऱ्याच मोटारी हर्ट्झच्या तालावर फिरतात, त्यामुळं ३३ची तबकडी इथं २८नं फिरते आणि लता मंगेशकरांचा आवाज पुरुषी वाटायला लागतो. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या टेबलांना ही भानगड नाही. भावाला म्हटलं, तू चिवडा घेऊन जा, टेबल राहू दे.

[दृश्य: टेबलाची मागची बाजू. प्रीअँपचं बटण.]

टेबलाच्या मागं प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) चालू-बंद करायचं बटण आहे का, तेही बघा. तबकडी कोरताना खालचे सूर दाबून आणि वरचे चढवून घेतात. वाजवताना प्रीअँप ते उलटं करून पूर्ववत करतो. हे किती करायचं याचं माप १९५४च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. त्याआधी ज्या त्या कंपनीचं माप वेगळं. १९२५च्या आधी तर गवई भोंग्यात तोंड घालून गायचे आणि त्याच जोरावर खाच कोरली जायची. तिथं हे मापच नाही. अशी तबकडी आजच्या प्रीअँपमधून काढली की आवाजावर घोंगडं टाकल्यासारखं होतं. मी प्रीअँपविना कच्चा आवाज घेतो आणि जुनी मापं कॉम्प्युटरवर लावून पाहतो. ऑडॅसिटी हे आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरते.

यूएसबीचं मात्र फार कौतुक करू नका. ती सोय आहे, गुणवत्ता नव्हे. टेबलातलं यूएसबी बहुधा १६ बिटांवर थांबतं; बिट जितके जास्त, तितका आवाजाचा बारकावा टिपला जातो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्ला २४ बिट आणि जमल्यास ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुने, असा आहे. मी वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी, लावला. मिनिटाला साडेचौतीस एमबी जागा जाते. ४४ तबकड्यांच्या ८८ बाजू, सव्वातीन मिनिटांची एकेक, म्हणजे सगळं मिळून दहा जीबीच्या आसपास. आजोबांची निम्मी ट्रंक किल्लीच्या जुडग्यात अडकवता येते.

७८ मोनो असली तरी मी स्टिरिओतच घेतो. खाचेच्या दोन भिंतींपैकी एक कमी झिजलेली असते, ती नंतर निवडता येते. मूळ फाइल वेव्ह (WAV) या न दाबलेल्या प्रकारात तशीच ठेवायची, हात लावायचा तो तिच्या नकलेला. आणि शेवटचे सेकंद कापायचे नाहीत. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गायिका गौहरजान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. खरखर काढण्याच्या नादात असली नावं पुसली जातात.

[दृश्य: पाण्याचं भांडं, मऊ कापड.]

धुण्याबद्दल एकच गोष्ट. एलपी प्लास्टिकची, ७८ लाखेची. लाख थोडी, बाकी दगडाची भुकटी आणि काजळी. आपल्याकडचा सुतार पॉलिश करायला लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्ये. एलपी साफ करायच्या बाटल्यांमध्ये बरेचदा तेच अल्कोहोल असतं. ७८ला ते लावलं तर गाणंच विरघळायचं. साधं डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, आणि मधलं लेबल कोरडं ठेवायचं.

इंटरनेटवर चढवण्याआधी थोडं थांबा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी जुनी असली तरी कविता मोकळी झालेली असेलच असं नाही.

[दृश्य: संध्याकाळ. आत्या खुर्चीत. स्क्रीनवर आवाजाची रेघ सरकते.]

चाळिसावी तबकडी एका भावगीताची होती. आत्याच्या लग्नाआधी घरात रोज वाजायची म्हणे. सुई टेकली, आणि आत्या बरोबरीनं गुणगुणायला लागली. ध्रुपद झालं, पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यात ती एकदम अर्धी ओळ गाळून पुढं गेली. तबकडी मागं, आत्या पुढं.

मी गाणं थांबवलं नाही. आत्याच थांबली. त्या जागी चरा होता, जुन्या प्लेयरवर सुई तिथं नेहमी उडी मारायची, आणि तिनं गाणं त्या उडीसकटच पाठ केलं होतं. या सुईनं चरा ओलांडला, नुसती एक टिचकी वाजली.

"हे शब्द आहेत होय तिथं?" आत्या म्हणाली. "परत लाव बघू."