पिकलं ओहायोत, विकलं कॅलिफोर्नियात

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आजचा विषय ऐकून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. ‘अमेरिकन फुटबॉल? आणि तोही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा?’ मी म्हटलं, बसा तर खरं. खेळाचे नियम चार वाक्यांत सांगतो, बाकी गोष्ट माणसांची आहे.

चेंडू घेऊन पुढे सरकायचं. दहा यार्ड सरकायला चार प्रयत्न मिळतात. ते कसे वापरायचे ते ज्याच्या हातून घडतं, तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा तर सहसा तोच फेकतो. झालं.

सिनसिनाटी हे ओहायो राज्यातलं, ओहायो नदीच्या काठचं शहर. बेंगॉल्स हा तिथला संघ. मी त्या शहरात बरीच वर्षं काढली. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. त्यांच्याकडे चौदा नंबरची जर्सी होती, धुऊन धुऊन नारिंगी रंग पार उतरलेली. मी नवखा होतो. सहज विचारलं, हा चौदा नंबर कोण? ते हातातली पाण्याची नळी तशीच सोडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘पंचवीस. चौतीसपैकी पंचवीस.’ तेवढंच. नाव नंतर सांगितलं.

नाव केन अँडरसन. जन्म 1949, इलिनॉयमधल्या बटाव्हियाचा. शिकला रॉक आयलंडच्या ऑगस्टाना कॉलेजात. हे मिसिसिपीच्या काठचं छोटं कॉलेज. तिथून कुणी व्यावसायिक फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नसायचं. 1971 मध्ये लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत बेंगॉल्सनी त्याला तिसऱ्या फेरीत, 67 व्या क्रमांकावर घेतलं. म्हणजे आधी 66 जण निवडून झाले होते. तिथून 1986 पर्यंत सोळा हंगाम तो त्याच एका संघाकडून खेळला.

आता जरा मागे जावं लागेल, कारण खरी मेख तिथे आहे. 1969 मध्ये बेंगॉल्सकडे ग्रेग कुक नावाचा तरणाबांड क्वार्टरबॅक होता. हात म्हणजे तोफ. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा गेला आणि कारकीर्दही जवळजवळ तिथेच संपली. त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. डोकं तल्लख, नेम पक्का, पण हातात लांबचा पल्ला नाही. संघाचा संस्थापक आणि प्रशिक्षक पॉल ब्राउन, आणि त्याच्या हाताखाली चेंडूफेकीचं काम बघणारा बिल वॉल्श. वॉल्शपुढे प्रश्न साधा होता: लांब फेकता येत नाही, तर काय करायचं? त्यानं मैदानाची लांबी सोडली आणि रुंदी धरली. मैदान त्रेपन्न यार्डांहून थोडं जास्त रुंद असतं. ती रुंदी कुणी नीट वापरतच नव्हतं. आखूड फेक, आडवी फेक, आणि सगळं पावलांच्या तालावर. क्वार्टरबॅकनं तीन पावलं मागे घेतली की चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. झेलणारा अजून वळलेलासुद्धा नसतो. तो वळतो तेव्हा चेंडू छातीशी आलेला असतो. तबल्याच्या आधी हात समेवर यावा तसं.

कार्टरला हे जमलं, पण शोभलं अँडरसनला. कॉलेजात गणित शिकलेला मुलगा, त्याला हा हिशेब आवडला असणार. 1974 च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गविरुद्ध त्यानं 22 फेकी केल्या, त्यातल्या 20 झेलल्या गेल्या. समोर कोण, तर सत्तरच्या दशकातला सर्वांत धसमुसळा बचाव, जो त्या हंगामात अजिंक्यपद घेऊन गेला. त्या काळी झेलणाऱ्याला मैदानभर ढकलत न्यायची बचावाला मुभा होती. 1978 मध्ये नियम बदलले आणि फेकणाऱ्यांचे दिवस आले. अँडरसननं त्या बदलाच्या आधी, 1974 आणि 1975 मध्ये, लीगमधलं सर्वांत वरचं पासर रेटिंग मिळवलं. (पासर रेटिंग म्हणजे किती फेकी पोचल्या, किती यार्ड मिळाले, किती टचडाउन झाले (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार गेला), किती चेंडू शत्रूच्या हाती गेले, यांची गोळाबेरीज.) मग 1981 आणि 1982 मध्ये पुन्हा. एकूण चार वेळा.

1976 च्या सुरुवातीला ब्राउननं प्रशिक्षकपद सोडलं, आणि ते वॉल्शला मिळालं नाही. वॉल्श गेला. फिरत फिरत 1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. तिथे त्याला जो माँटाना मिळाला आणि तीच सिनसिनाटीची पद्धत जगप्रसिद्ध झाली. पुढे तिला नाव पडलं ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’, पश्चिम किनाऱ्याचा हल्ला! अहो, ओहायो नदीचा पश्चिम किनारा म्हणायचा का? आपल्याकडे म्हणतातच, पिकतं तिथे विकत नाही. पोस्टमनसाहेबांसमोर टीव्हीवर कुणी ‘वेस्ट कोस्ट’ म्हटलं की ते आवाज बंद करायचे.

इकडे सिनसिनाटीची दैना. 1978 आणि 1979, दोन्ही हंगामांत सोळापैकी चारच सामने जिंकले. अँडरसनही दुखापतींनी बेजार. 1981 चा पहिला सामना घरच्या रिव्हरफ्रंट स्टेडियमवर, सिअॅटलशी. बघता बघता 21-0 नं मागे. लोकांनी हुर्यो उडवली, प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेगनं अँडरसनला बाहेर बसवलं, आणि टर्क शोनर्ट नावाच्या बदली क्वार्टरबॅकनं तो सामना चक्क जिंकून दिला, 27-21. पोस्टमनसाहेब कबूल करायचे: ‘त्या दिवशी मीही ओरडलो होतो, काढा त्याला म्हणून.’ हे ते दरवेळी सांगायचे, कुणी विचारलं नाही तरी.

पुढच्या आठवड्यात ग्रेगनं त्यालाच पुन्हा उतरवलं. त्या हंगामात अँडरसननं 3,754 यार्ड काढले, 29 टचडाउन केले, दहाच चेंडू घालवले. लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी हेल्मेटवर वाघाचे पट्टे आले, तोवर नुसतं संघाचं नाव असायचं. आणि त्याच वर्षी त्यानं कायद्याची पदवीही घेतली. माणूस रिकामा बसणारा नव्हता.

10 जानेवारी 1982, सॅन दिएगोविरुद्धचा उपांत्य सामना. तापमान उणे 23 सेल्सिअस, वर नदीवरून येणारं वारं. सॅन दिएगोवाले आठवड्यापूर्वी मायामीच्या उकाड्यात खेळून आलेले. बेंगॉल्सचे धिप्पाड लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतले गडी, उघड्या दंडांनी मैदानात उतरले, समोरच्यांना नुसतं दाखवायला. अशा थंडीत चेंडू दगडासारखा होतो. अँडरसननं दोन टचडाउन फेकले, एकही चेंडू घालवला नाही. 27-7.

आणि मग सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना. 24 जानेवारी, मिशिगनमधलं पाँटिअॅक. समोर सॅन फ्रान्सिस्को. प्रशिक्षक बिल वॉल्श. म्हणजे शिष्यासमोर गुरू, आणि दोघांच्या हाती एकच विद्या. मध्यंतराला सिनसिनाटी 20-0 नं मागे. तिसऱ्या सत्रात एक टचडाउन परत केलं, मग पुन्हा धडक मारत अगदी गोलरेषेजवळ आले. तीन यार्ड उरले. चार प्रयत्न. पहिल्यात पीट जॉन्सन, अडीचशे पौंडांचा गडी, दोन यार्ड खातो. उरला एक. दुसऱ्यात तोच अडवला जातो. तिसऱ्यात अँडरसन बाजूला चार्ल्स अलेक्झांडरकडे आखूड चेंडू टाकतो. झेल होतो, आणि त्याच क्षणी डॅन बन्झ त्याला असा कवेत घेतो की पाय रेषेच्या अलीकडेच थिजतात. चौथ्यात पुन्हा जॉन्सन, पुन्हा भिंत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पोस्टमनसाहेबांच्या गॅरेजसमोर काँक्रीटच्या दोन लाद्यांमध्ये एक सांधा होता. तीच त्यांची गोलरेषा. तेलाचा रिकामा डबा म्हणजे बन्झ. सत्तरी ओलांडलेला हा माणूस सपाता घालून तीन पावलं तिरका जायचा, वळायचा, हात पुढे करायचा आणि खाली बोट दाखवायचा: टाच सांध्याच्या अलीकडे. ‘बघ. आधी सांधा ओलांडायचा, मग वळायचं. एवढंच होतं.’ दोष अँडरसनला कधीच नाही. चेंडू तर अचूकच होता.

शेवटी 26-21 नं हरले. यार्डांच्या हिशेबात सिनसिनाटी पुढे होती, 356 विरुद्ध 275. अँडरसनचे 34 पैकी 25, तेव्हाचा सुपर बोलचा विक्रम. आता कळलं ना ते पंचवीस कुठले? जिंकलेल्यांच्या चाहत्यांना आकडे पाठ करावे लागत नाहीत, त्यांच्याकडे फोटो असतो. पुढच्या, संपामुळे नऊ सामन्यांच्याच झालेल्या हंगामात त्यानं शंभरातल्या सत्तरहून जास्त फेकी पोचवल्या. तो विक्रम 2009 पर्यंत टिकला. फोटो तरीही नाही.

तुमच्यातल्या काहींच्या मनात मुंबईचे फिरकीपटू पद्माकर शिवलकर आले असतील. मला ती तुलना पटत नाही. शिवलकरांना कसोटीची दारंच उघडली नाहीत. अँडरसनला सगळं मिळालं, एक रात्र सोडून. आणि त्या रात्रीमुळेच, असं मला वाटतं, ओहायोतच असलेल्या कँटनच्या हॉल ऑफ फेमनं, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानदालनानं, त्याला 1996 आणि 1998 मध्ये अंतिम यादीत आणूनही आत घेतलं नाही. सिनसिनाटीहून कँटन गाडीनं साडेतीन तास. पिट्सबर्गचा टेरी ब्रॅडशॉ चार अजिंक्यपदांसह तिथे कधीच जाऊन बसला. त्याचं कारकिर्दीचं रेटिंग 70.9, अँडरसनचं 81.9. मी ब्रॅडशॉला कमी लेखत नाही, पोस्टमनसाहेब लेखायचे. त्यांना एक गोष्ट मात्र मी कधी बोलून दाखवली नाही: अँडरसनला अजिंक्यपद मिळालं ते शेवटी पिट्सबर्गच्याच प्रशिक्षकवर्गात असताना, 2008 च्या हंगामात. त्यांना ठाऊक असणारच.

30 सप्टेंबर 2021 ला बेंगॉल्सनी आपल्या सन्मानपटात पहिली चार नावं लावली. पॉल ब्राउन आणि केन रायली तोवर गेलेले. हयात होते अँथनी मुन्योज आणि अँडरसन. गुरुवारची रात्र होती, सामना उशिरा संपला. पोस्टमनसाहेबांची गाडी मध्यरात्रीनंतर आली, मला दिव्यांवरून कळलं. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो, तर ते आधीच अंगणात, आवाज पार बसलेला, अंगात तीच जर्सी. बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. तेलाचा डबा जागेवर ठेवून झाला होता, आणि ते त्याला खुणेनंच सांगत होते: तीन पावलं तिरका जा, आणि वळू नकोस.