ट्रॅकरचा स्टार्टअप काढताय? आधी हा भागाकार करा

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "दादा, नाण्याएवढा ट्रॅकर, लाइव्ह लोकेशन, महिनाभर बॅटरी. काढू का कंपनी?" काढा की! जमलं तर एक मलाही पाठवा.

कंपनीची नोंदणी, लोगो, ॲप, हे सगळं होतं हो. तिथं कुणाचं अडत नाही. अडतं ते मिलिअँपिअरपाशी, म्हणजे उपकरण किती वीज खातं तिथं.

मुळात जीपीएस तुमचं लोकेशन कुणालाही पाठवत नाही. ते नुसतं ऐकतं. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह बोलतात, आपली चिप कान टवकारून बसते आणि आपण कुठं आहोत ते काढते. ते मोबाईलवर पोचवायला वेगळा मोडेम, सिम, नेटवर्क. म्हणजे खाणारी तोंडं दोन.

आता या पाटीवर बघा. बॅटरी ४०० एमएएच, म्हणजे ४०० मिलिअँपिअर तासभर पुरवेल एवढी. सरासरी खप ४० मिलिअँपिअर धरा. किती झाले? १० तास! खप ४ वर आणलात तर १०० तास, म्हणजे चार दिवस. तेही कागदावर. बॉक्सवर "लाइव्ह" छापण्याआधी हा भागाकार करा.

"मग ॲपलचा ट्रॅकर, तो एअरटॅग, वर्षभर कसा चालतो?" ही कमेंट येणारच होती. अहो, त्यात जीपीएसच नाही! २०२१ साली आला तेव्हापासून तो ब्लूटूथवर हळूच "मी इथं आहे" एवढंच म्हणतो. लोकेशन काढायचं आणि कळवायचं काम शेजारून जाणारा आयफोन करतो, स्वतःच्या बॅटरीवर. तुमच्याकडे आहेत असे फुकट राबणारे फोन? नाहीत ना. मग करा भागाकार.

माझा पहिला प्रोटोटाइप टेबलावर तीन दिवस चालला. मी खूश. तळघरातल्या कपाटात ठेवला, सकाळी बघतो तर गार. रेंज नाही म्हणून मोडेम रात्रभर नेटवर्क हुडकत होता, जीपीएस आकाश हुडकत होतं. कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये, मीच शहाण्यासारखं "सापडेपर्यंत शोध" लिहून ठेवलेलं! आता दीड मिनिट शोधतो, नाही मिळालं तर झोपतो, पुढच्या खेपेला दुप्पट झोपतो. शिवाय हालचाल ओळखणारा ॲक्सेलरोमीटर बसवलाय. वस्तू जागची हललीच नाही तर लोकेशन कशाला घ्यायचं?

आणि तो निळा एलईडी! ५ मिलिअँपिअर. बाकी काहीच चालू नसलं तरी तो एकटा ४०० एमएएच ८० तासांत फस्त करतो. कशासाठी, तर "छान दिसतो" म्हणून.

एक कमेंट मी उडवली. "बायकोच्या पर्समध्ये ठेवायचाय, ट्रॅकरचा आवाज बंद होईल का?" नाही होणार, आणि करून देणारही नाही. अनोळखी ब्लूटूथ ट्रॅकर सोबत फिरत असेल तर आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर इशारा यावा, ही सोय ॲपल आणि गूगलनं मे २०२४ मध्ये मिळून आणली. ट्रॅकर काढणार असाल तर त्या सोयीचे नियम पहिल्या दिवसापासून पाळा, नंतर ठिगळ लावू नका.

हा बघा नवा बोर्ड, एलईडी उपटलेला. आता तळघरात ठेवून येतो. किती तास टिकला ते उद्या कमेंटमध्ये पिन करतो.