आधी घड्याळ बघा

(मालवण तालुक्यातल्या एका वाचनालयात, सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसातून आलात, तेव्हा प्रस्तावना करत बसत नाही.

गेल्या जुलैत एका केंद्रावर प्रिंटर बघायला गेलो होतो. सकाळपासून लाइट ये-जा करत होती. एक काका नातीच्या दाखल्यासाठी बसले होते आणि स्क्रीनवर लाल त्रिकोण आला होता : 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. काकांनी विचारलं, "ह्या काय लाल इला?" मुलगा म्हणाला, "ता काय नाय ओ काका, रोजचाच आसा." त्याने 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबलं, खालच्या बारीक ओळीवर क्लिक केलं, पान उघडलं. मग फी भरायला बँकेची साइट उघडली, तर तिथेही लाल पान. पण इथे ती बारीक ओळच नव्हती. तो अडला.

मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात बघितलं. तारीख होती 1 जानेवारी 2009.

कॅबिनेट उघडलं. खाऱ्या हवेने स्क्रू गंजले होते, त्यातच वेळ गेला. आत मदरबोर्डवर नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर 2032. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की दर वेळी लाइट गेली की मशीन आपल्या जन्मतारखेला परत जातं. इंटरनेटवरून वेळ आपोआप घ्यायचा पर्यायही तिथे बंद होता. आता, प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र असतं आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. 2020 च्या सप्टेंबरमध्ये नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत 398 दिवसांवर आणली गेली, पुढे ती आणखी कमी होत गेली. 2009 सालात बसलेल्या मशीनला आजचं प्रत्येक सर्टिफिकेट अजून सुरूच न झालेलं दिसतं, म्हणून ब्राउझर अडवतो. सेल बदलला, तारीख लावली, लाल पान गेलं.

मला त्या मुलाला दोष द्यायचा नाही. कामाला तो चोख आहे. पण महिनाभर रोज ते पान डोळे मिटून ओलांडल्यामुळे, खरोखरची बनावट साइट समोर आली असती तरी त्याचं बोट तसंच पुढे गेलं असतं, आणि तेव्हा काकांचा आधार नंबर त्या पानावर असता. माझी काळजी ती आहे. ब्राउझर अडवतो तेव्हा कारण सांगतो. ते वाचा, आणि मोकळीक द्यायचीच झाली तर त्या एका साइटपुरती, त्या एका गोष्टीपुरती द्या. सगळं घर सताड उघडं टाकू नका.

ही सगळं उघडं टाकायची सवय जुनी आहे. 2004 साली विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या ब्राउझरला, ती पिवळी पट्टी आली, पानातला मजकूर अडवला म्हणून सांगणारी. तेव्हा कित्येक साइट अ‍ॅक्टिव्हएक्सवर, म्हणजे पानातून मशीनवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर चालायच्या. मग आम्हीच सेटिंगमध्ये जाऊन सगळ्याला 'एनेबल' करायचो आणि पुढच्या पोरांना तेच शिकवायचो. एक्सप्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झाला, सवय मात्र राहिली.

लाल पानावर खाली इंग्रजीत एक कोड असतो, त्याचे शेवटचे शब्द बघा. 'डेट इनव्हॅलिड' असेल तर आधी आपलं घड्याळ. ते बरोबर असेल तर त्या साइटवाल्यांनी मुदत संपूनही नूतनीकरण केलेलं नाही. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' म्हणजे सर्टिफिकेटवरचं नाव आणि साइटचं नाव जुळत नाही. लॉजच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर, लॉगिन करायच्या आधी, असं बऱ्याचदा होतं. तसं नसेल तर पत्ता अक्षर अक्षर वाचा. आणि बँकेच्या साइटवर पुढे जायची ओळच नव्हती, त्याचंही कारण आहे. 'माझ्याकडे सुरक्षित मार्गानेच यायचं, सूट नाही' असं साइट ब्राउझरला आधीच सांगून ठेवू शकते. तिथे आडवाट शोधू नका.

आता दुसरा प्रकार. लाल पान नाही, साइट उघडते, पण मधला नकाशा नाहीतर फॉर्म कोरा. तुम्ही दहादा रिफ्रेश करता. देवगडची पेटी डोळ्यांसमोर आणा. बागेतून सीलबंद निघाली, पण वाटेत कोणी वरचा थर काढून दुसरे आंबे भरले, तर पेटीवरच्या नावाला काय अर्थ? पान एचटीटीपीएसवरून, म्हणजे सुरक्षित मार्गाने, सीलबंद येतं, पण त्यातला एखादा तुकडा साध्या एचटीटीपीवरून, म्हणजे बिनसीलच्या मार्गाने, मागवलेला असतो. तो वाटेत बदलता येतो. आणि तो तुकडा स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा प्रोग्राम, असेल तर एकटा अख्खं पान बदलू शकतो, तुमचा पासवर्डही वाचू शकतो. म्हणून ब्राउझर तेवढाच तुकडा अडवतो. फायरफॉक्सने हे 2013 मध्ये आवृत्ती 23 पासून सुरू केलं. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून साइट सेटिंग्जमध्ये गेलात तर 'इनसिक्युअर कंटेंट' असा पर्याय सापडेल. तो सुरू केला की नकाशा दिसेलही. पण ज्या पानावर आधार, पासवर्ड किंवा पैसे आहेत तिथे मी तो कधीच सुरू करत नाही. दुरुस्ती साइट चालवणाऱ्याने करायची असते. स्क्रीनचा फोटो काढून त्यांना पाठवा.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त पैसे खातो, म्हणून नीट ऐका. फी भरली, खात्यातून पैसे गेले, पावती आलीच नाही. गिऱ्हाईक घाबरतं, तुम्ही पुन्हा भरता. थांबा! अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला एक बारीक चौकोन बघा, खिडकीवर फुली असलेला. पावती नव्या खिडकीत उघडत होती आणि पॉप-अप म्हणून अडवली गेली. त्या चिन्हावर क्लिक केलं की अडवलेली लिंक तिथेच दिसते. ती उघडा, आणि 'या साइटला नेहमी परवानगी' एवढंच निवडा. दुसऱ्यांदा पैसे भरायच्या आधी 'ट्रान्झॅक्शन हिस्टरी' बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

काहीच कळत नसेल तर तीच साइट इन्कॉग्निटो विंडोत, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, नसतात. तिथे चाललं, तर दोष साइटचा नाही. जाहिराती अडवणारं एखादं एक्स्टेन्शन किंवा जुनी कुकी आडवी येते आहे. एकेक एक्स्टेन्शन बंद करून बघा.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की एका कार्यालयाचं जुनं पान फक्त एक्सप्लोररमध्येच चालतं, त्याचं काय? मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर मोड' आहे. सेटिंगमध्ये तेवढा एकच पत्ता यादीत घाला. ताई, ही परवानगी 30 दिवसांनी आपोआप संपते. महिन्याने पान पुन्हा अडलं तर मशीन बिघडलं असं समजू नका, फक्त पत्ता पुन्हा घाला.

लॅपटॉप आणलेत ना सगळ्यांनी? चला, साइट सेटिंग्ज उघडा आणि पॉप-अपची परवानगी दिलेल्या साइटची यादी काढा. ज्या नावाची ओळख पटत नाही, ते आत्ताच काढून टाकूया.