डिरेक्टरी कोण सांभाळणार?

(संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटून झाला, जेवणं झाली. अशा वेळी ज्याला बोलायला उभं करतात त्याच्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नसते, हे मला ठाऊक आहे. पेंगायचंच असेल तर मागच्या रांगांत जागा आहे. तरी विषय कामाचा आहे, म्हणून पुढच्यांनी तरी जागं राहावं.

आपल्या मंडळाने मध्य न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांसाठी एक ऑनलाइन डिरेक्टरी करायची, असं कार्यकारिणीने ठरवलंय. डॉक्टर, गुरुजी, मराठी शाळा, म्हाताऱ्या आईबाबांच्या सोयी, अडीअडचणीचे नंबर, सगळं एका ठिकाणी. मी सार्वजनिक वाचनालयात चौकशीच्या टेबलावर नोकरी केली, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. चौकशीच्या टेबलावर पुस्तकांपेक्षा जास्त प्रश्न वीजबिलाचे, भाड्याचे आणि दवाखान्याचे येतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वेबसाइट तयार करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. आपल्याकडे प्रोग्रामर इतके आहेत की या सभागृहात खडा मारला तर तो त्यांच्यापैकीच कुणाला तरी लागेल. डिरेक्टरीचं बारसं आपण थाटात करू, पेढे वाटू. पुढची वीस वर्षं तिच्याकडे कोण बघणार, हे कुणी बोलत नाही. म्हणून आज मी प्रोग्रामर मागायला आलेली नाही. मला फोन करणारी माणसं हवी आहेत.

इथे ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली आहेत, त्यांना छापील डिरेक्टऱ्या आठवत असतील. स्पायरल बाइंडिंग, नावापुढे मुलांची नावं, कंसात मूळ गाव. आपल्या भागाचा एरिया कोड तेव्हा २०१ होता. १९९१ मध्ये त्याचा ९०८ झाला आणि १९९७ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांचा ७३२. दोन्ही वेळा पुस्तकातले पानोपानीचे नंबर चुकीचे ठरले आणि काकूंनी पेनाने खाडाखोड करून तेच पुस्तक पुढे वापरलं. कागदाचं एक बरं होतं. पिवळं पडलेलं पान पाहूनच कळायचं की यातलं सगळं खरं धरू नये. पडद्यावर पाच वर्षांपूर्वीची नोंदही कालच्याइतकीच टवटवीत दिसते. भारतीय पासपोर्ट आणि ओसीआयचं (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाचं) काम आधी कॉक्स अँड किंग्जची कंपनी करायची, २०२० च्या अखेरीस ते व्हीएफएस या दुसऱ्या कंपनीकडे गेलं. ज्या ज्या पानावर जुनं नाव होतं ते एका रात्रीत बिनकामाचं झालं, पण दिसायला मात्र तसंच राहिलं.

आता थोडं उलटं बोलते. आपण जे करायला निघालोय त्यातलं बरंचसं आधीच झालेलं आहे. फोनवर २११ फिरवून बघा. अटलांटामध्ये १९९७ साली युनायटेड वे या सेवाभावी संस्थेने हा मदतीचा नंबर सुरू केला, आणि २००० मध्ये एफसीसीने, म्हणजे दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या सरकारी आयोगाने, तो देशभर याच कामासाठी राखून ठेवला. घरभाडं थकलंय, हीटिंगचं बिल झेपत नाही, घरात धान्य नाही, अशा वेळी कुठे जायचं ते तिथली माणसं सांगतात. दुभाषाही मिळतो. त्यामागे जी यादी आहे ती पगारी माणसं सांभाळतात, आणि प्रत्येक नोंद वर्षातून निदान एकदा तपासून घ्यायची, असा त्या व्यवसायाचा दंडक आहे. आपण मिडलसेक्स काउंटीतल्या फूड पँट्रींची, म्हणजे फुकट धान्य देणाऱ्या केंद्रांची, यादी तिथून उचलून आपल्या पानावर चिकटवली, तर सहा महिन्यांत आपली यादी शिळी होईल आणि त्यांची ताजी राहील. तेव्हा आपल्याकडे एकच ओळ हवी: २११ ला फोन करा, आणि ‘मराठी’ म्हणून दुभाषा मागा. तसंच ९८८. मन फार खचलं असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर चोवीस तास उत्तर देणारा हा नंबर २०२२ च्या जुलैपासून देशभर चालू आहे.

मग आपली यादी कशाची? जे २११ ला कधीच कळणार नाही त्याची. कुठल्या दंतवैद्याकडे रिसेप्शनवर मराठी किंवा निदान हिंदी बोलणारं कुणी आहे. कुठल्या अ‍ॅडल्ट डे केअरमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, आणि ते आपल्या सासूबाईंना चालेल असं असतं का. कुठल्या वाचनालयात मराठी पुस्तकांचं कपाट आहे. कोणते गुरुजी श्राद्ध सांगतात आणि कोणते फक्त सत्यनारायण.

आणि अंत्यविधी. संक्रांतीच्या दिवशी हा विषय काढला म्हणून काही जण नाराज होतील, पण सगळी डिरेक्टरी बाजूला ठेवून एकच पान करायचं असं ठरलं, तर मी हेच करेन. घरात मृत्यू झाला की माणूस रात्री दोन वाजता ओळखीपाळखीच्या लोकांना मेसेज करत बसतो. आपल्याकडे चार शेजारी धावून येतात आणि सकाळपर्यंत सगळं होऊन जातं. इथे तसं चालत नाही. न्यू जर्सीत फ्युनरल डायरेक्टरशिवाय अंत्यसंस्कार करता येत नाहीत, आणि मृत्यूनंतर चोवीस तास उलटल्याशिवाय दहन होत नाही. हे आधी माहीत असलं तर पुण्याहून निघणाऱ्या भावाला काय सांगायचं ते कळतं. पुढचे प्रश्न बारीक असतात. कुठल्या फ्युनरल होममध्ये धूप-उदबत्ती चालते? घरच्यांना दहनाचं बटण दाबू देतात का? गुरुजींना किती वेळ मिळतो? अस्थी भारतात न्यायच्या असतील तर न्यूयॉर्कच्या वाणिज्य दूतावासाकडून काय काय लागतं? यातलं बरंचसं कुठल्याही सरकारी यादीत नाही. आपल्यातल्या ज्या घरांवर हा प्रसंग आलाय त्यांना मात्र ते तोंडपाठ आहे. शोकाचे दिवस सरले की त्यांच्याशी बसून एकदा ते लिहून काढायचं. डिरेक्टरीची सुरुवात इथून व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

दुसरं पान आईबाबांचं. मुलगा नागरिक झाला, आईबाबांना ग्रीन कार्ड मिळालं, वय पासष्टच्या पुढे. आता मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळेल का? आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात याला दर महिन्याला निदान पाच वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि त्यातली चार चुकीची असतात. ढोबळ नियम असा, की ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं इथे राहिल्यानंतर ते हप्ता भरून घेता येतं. त्यातला पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, फुकट मिळायला इथल्या नोकरीची वर्षं लागतात. ती स्वतःची किंवा जोडीदाराची धरतात, मुलाने कितीही कर भरलेला असला तरी त्याचा आईबाबांना उपयोग नाही. पण हप्ता किती, पोटनियम काय, हे आपण डिरेक्टरीत लिहायचं नाही. ते आकडे दर वर्षी बदलतात आणि आपली नोंद जानेवारीत खोटी पडते. आपण द्यायचा तो ‘शिप’ नावाच्या सल्लासेवेचा नंबर. राज्यात प्रत्येक काउंटीत ही सेवा आहे, सल्ला फुकट मिळतो आणि सल्ला देणाऱ्याला कुठलाही विमा विकायचा नसतो. आपल्या ओळखीतल्या विमा एजंटांनी हे वाक्य माझ्यावर राग न धरता ऐकावं.

इमिग्रेशनचं तसंच. फॉर्म भरून देणारे पुष्कळ आहेत, पण कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच असतो. ‘कन्सल्टंट’ पाटी लावलेलं कुणीही आपल्या यादीत येणार नाही, मग तो कितीही जुना सभासद असो.

यावरून जाहिरातींकडे येते. गणपतीच्या स्मरणिकेत आपण रिअल्टर, केटरर, सोनार सगळ्यांच्या जाहिराती घेतो. खुशाल घ्याव्यात, सभागृहाचं भाडं त्यातूनच निघतं. पण डिरेक्टरीत पैसे देऊन नाव वर चढत असेल तर ती दुसरी स्मरणिकाच झाली. त्या दोन गोष्टी वेगळ्या पानांवरच हव्यात. डब्याचा प्रश्न नाजूक आहे. घरी केलेला खाऊ विकायला न्यू जर्सीने २०२१ मध्ये परवानगी दिली, सगळ्या राज्यांच्या शेवटी. तीही परवाना घेऊन, आणि फ्रिजमध्ये ठेवावे लागत नाहीत अशाच पदार्थांना. नानकटाई त्यात बसेल, भाजी-आमटीचा डबा बसत नाही. आपल्यापैकी निम्मे जण कुणाच्या तरी घरचा डबा खातात, मीही खाते, आणि त्या ताईंच्या हातच्या आमटीला तोड नाही. तरी मंडळाच्या नावाने तो छापला की जबाबदारी मंडळावर येते. तेव्हा तो नंबर तोंडीच चालू द्या.

आणि कुठल्याही नोंदीत ‘चांगला’ हा शब्द नको. चांगला डॉक्टर, प्रेमळ गुरुजी, उत्तम वकील, काही नको. कोणता विमा चालतो, नवे पेशंट घेतात का, कुठल्या भाषा बोलतात, पार्किंगमधून आत जाताना पायऱ्या आहेत का, एवढं लिहायचं. तारे आणि शेरे सुरू झाले की महिन्याभरात दोन डॉक्टरांच्या बायकांचं एकमेकींशी बोलणं बंद होईल.

आता एक पान असं, जे मला लॉगिनशिवाय उघडणारं हवंय. घरात मार खाणाऱ्या बाईला सभासद क्रमांक विचारायचा नसतो. आपल्या राज्यात ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९८५ पासून हेच काम करते. ती आपल्या इतकी जवळ आहे, आणि आपल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत तिचं नाव क्वचितच निघतं. तो नंबर ठळक हवा, आणि कुणी अचानक आलं तर एका टिचकीत ते झाकून हवामानाचं पान उघडणारं बटण पानावर हवं. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर, फोन नवऱ्याच्या प्लॅनवर, अशा बाईला पान बघितल्याची खूणसुद्धा महाग पडू शकते. म्हणून ऑनलाइनच्या जोडीला तोच नंबर छोट्या चिठ्ठ्यांवर छापून सभागृहातल्या बायकांच्या स्वच्छतागृहात ठेवावा. पर्समध्ये चिठ्ठी ठेवलेली कुणाला दिसत नाही.

राहिली ती व्यवस्था. प्रत्येक नोंदीखाली दोन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात झाली, आणि त्या नोंदीचा पालक कोण. पालकाचं नाव फक्त समितीला दिसेल, तारीख सगळ्यांना. सहा महिने तपासणी झाली नाही तर नोंद फिकी होईल. वर्ष झालं तर आपोआप दिसेनाशी होईल. हे ऐकून समितीतले काही जण कळवळले. म्हणाले, अशाने यादी रिकामी होईल. होऊ दे. चाळीस खऱ्या नोंदींची यादी लोक दुसऱ्यांदा उघडतात. चारशेंची यादी पहिल्या तीन फोनवर ‘नंबर अस्तित्वात नाही’ ऐकल्यावर कायमची बंद होते, आणि मंडळी पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारू लागतात, ‘कुणी डेंटिस्ट सुचवाल का?’

शोधताना लोक आपल्याच शब्दांत शोधणार. ‘जेरियाट्रिक्स’ कुणी टाइप करत नाही, ‘आईसाठी डॉक्टर’ करतात, आणि तेही रोमन लिपीत, प्रत्येकाच्या स्पेलिंगने. प्रोग्रामर मंडळींना डोकं लावायला जागा आहे ती इथे. आणखी एक त्यांच्यासाठी. डोमेनचं नाव, पासवर्ड आणि दर वर्षीचं बिल मंडळाच्या ईमेलवर आणि मंडळाच्या कार्डावर हवं. ज्या उत्साही तरुणाने साइट उभी केली तो टेक्सासला गेला, त्याचं क्रेडिट कार्ड बदललं आणि साइट गेली, असं किती मंडळांचं झालंय ते विचारून बघा. कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, तेव्हा सूत्रं सोपवतानाच्या यादीत तिजोरीच्या किल्ल्यांच्या वरती हे लिहा.

तर मागणी एवढीच. एका माणसाने पाच नोंदी दत्तक घ्यायच्या, जास्त नाही. उत्साहात वीस घेणारे मार्चपर्यंत गळतात. दर सहा महिन्यांनी पाच फोन करायचे आणि तारीख बदलायची. फोनवर काय विचारायचं त्याची सहा वाक्यं मी इंग्रजीत आणि मराठीत लिहून आणली आहेत, प्रती चहाच्या टेबलावर आहेत. पलीकडून मशीनच बोललं तर ते तपासणीत धरायचं नाही, माणसाशी बोलणं झालं पाहिजे. आणि बहुतेक ऑफिसं शनिवार-रविवारी बंद असतात, त्यामुळे नोकरीवाल्यांचा इथे फारसा उपयोग नाही. मला निवृत्त मंडळी हवी आहेत. इथे नव्याने आलेले आजी-आजोबाही चालतील. त्यांचं इंग्रजी जसं असेल तसं चालेल. आपल्यासारख्या बोलण्याला पलीकडचा माणूस नीट उत्तर देतो का, हेही त्या फोनवरूनच कळेल, आणि तेही नोंदीत लिहायचं आहे.